चुकला तो संपला

विश्रांतवाडी, पुणे
८ जानेवारी २०१७

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

नवीन वर्षाचे तुझे फुगे व्हॉट्सॲपवर पोचले. पप्पांना दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले आणि विचारलं, "हे फुटत का नाहीत?" आमची एकतीस डिसेंबर एवढीच झाली.

कागदावर लिहितेय म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मेल केली की तू 'नोटेड' लिहितोस, मेसेज केला की अंगठा दाखवतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पोस्टात तिकिटाची चौकशी केली तर बाईंनी विचारलं, "व्हँकुव्हर म्हणजे नक्की कुठे आलं?" म्हटलं, आम्हालाही कुणी कधी नीट सांगितलेलं नाही.

इकडची खुशाली. झटक्यानंतर पडलेला पप्पांचा उजवा हात आता खांद्यापर्यंत येतो. पाय ओढत का होईना, संडासापर्यंत एकटे जातात. बोलणं बरंचसं कळतं. जे कळत नाही त्या शिव्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. मी ऑफिसला गेले की खालच्या मजल्यावरच्या कांताबाई दुपारभर त्यांच्याजवळ येऊन बसतात. त्या तू गेल्यावर राहायला आल्या, त्यामुळे तुझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे.

आता मुद्द्याचं. फिजिओथेरपीवाल्यानं पप्पांना उजव्या हातात दाबायला एक रबरी बॉल दिला होता. पप्पांनी तो गॅलरीतून खाली फेकला, "कुत्र्याला द्या" म्हणाले. आणि चार दिवसांनी, मी भाजी निवडत असताना, टीव्हीकडे बघत मला विचारलं, "दिपूनं केलेला तो खेळ कुठं मिळतो?"

दादा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तू खेळ केलायस हे त्यांना माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं. सोळा वर्षं या घरात असल्या खेळाचं नाव निघालेलं नाही. पप्पांनी तुझं ते बुधवार पेठेतून आणलेलं खेळाचं यंत्र पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडलं, तेव्हापासून. तुला आठवत असेलच. मलाही आठवतं, कारण तुकडे मीच गोळा केले होते.

तर मी बुधवार पेठेत गेले, त्याच गल्लीत, आणि एक चिनी यंत्र घेऊन आले, हातात मावणारं, दोन्ही अंगठ्यांनी खेळायचं. त्यात तुझी आवृत्ती टाकली. मग पप्पांना पहिल्यापासून समजावलं. म्हटलं, पप्पा, मूळ खेळ लहान मुलांचा आहे. रानात हिंडायचं, मॉन्स्टर पकडायचे, पाळायचे, दुसऱ्यांच्या मॉन्स्टरांशी झुंजवायचे. सहा जणांची टोळी. आठ गावांत आठ म्होरके, त्यांना हरवत पुढे जायचं. आपला एखादा पडला की दवाखान्यात न्यायचा, तो टुणकन उठतो. पण ती मुलं मोठी झाली, त्यांना ते मिळमिळीत वाटायला लागलं, मग त्यांनी तोच खेळ आतून उसवला आणि आपापल्या कठीण आवृत्त्या शिवल्या. त्यातली दिपूची सगळ्यात कठीण म्हणतात. तिच्यात दवाखाना नाही. पडला तो उठत नाही. त्याच्या अंगावर लाल फुली येते आणि तो कायमचा बाद. आणि पकडलेल्या प्रत्येकाला नाव द्यावंच लागतं, त्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही.

पप्पा म्हणाले, "बरोबर आहे. नाव दिल्याशिवाय जीव लागत नाही."

आता त्यांची दिनचर्या ऐक. चहा झाला की चष्मा पुसून बसतात. म्होरक्यांना 'फोरमन' म्हणतात. "आज दुसऱ्या फोरमनला बघतो." मॉन्स्टरांना कारखान्यातल्या लोकांची नावं दिलीत. रंगनाथ नावाचं एक वटवाघूळ आहे, ज्ञानदेव नावाचा दगड आहे. मम्मीच्या नावाची एक चिमणी पकडली, पण तिला झुंजीत उतरवतच नाहीत, नुसती सांभाळून ठेवलीय. प्रत्येक खेपेला तुझा खेळ इंग्रजी अक्षरांत मराठीतून विचारतो ना, 'रंगनाथ काय करणार?', त्याला पप्पा मोठ्यानं उत्तर देतात. "चावणार!" अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. उजव्या अंगठ्यात जोर आलाय त्यानं. फिजिओवाला स्वतःची पाठ थोपटून घेतोय.

पहिला मॉन्स्टर तू देतोस तो, पाठीवर कंदील असलेला मुंगूस. त्याचं नाव त्यांनी दिपू ठेवलंय. मी एक खेकडी आहे. हसू नकोस. विचारलं, "पप्पा, खेकडीच का?" तर म्हणाले, "कवच आहे तिला."

दादा, आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझा खेळ सहा महिने मी टेस्ट केलाय. (शेवटी आभारांत तुझ्या रूममेटच्या मांजराचं नाव आहे, माझं नाही. असो. मांजर गुणी असेल.) त्यामुळे आठव्या फोरमनच्या पुढे, शेवटच्या खोलीत कोण उभा आहे ते मला माहीत आहे. खाकी पँट, स्वेटर, हातात लाल खडू. आणि तोंडात एकच वाक्य, 'चुकला तो संपला.' जगभरची पोरं विचारत असतात, याचा अर्थ काय म्हणून. मला कुणाला विचारावं लागलं नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात एक्झामिनर असलेला माणूस बाद मालावर लाल फुली मारतो आणि तो माल परत तपासायला घेत नाही, हे आपण जेवताना ऐकत मोठे झालो. बारावीत गणितात गेलास तेव्हा पप्पांनी तोच खडू आणून तुझ्या कपाटाच्या दारावर फुली मारली. ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसू दिलं नाही. तू मामांकडे नागपूरला निघून गेलास, तिथेच शिकलास, तिथूनच परदेशी. तुझा राग मला समजतो. मी तो राग सहा महिने टेस्ट केलाय.

पण पप्पांना माहीत नाही की शेवटी तेच उभे आहेत. आनंदानं चाललेत. तिथे पोचायच्या आधी एकदा फोन कर. तब्येतीचं विचारू नकोस, त्यांना आवडत नाही. "कितव्या फोरमनपर्यंत आलात?" एवढंच विचार. ते जमणार नसेल तर तो माणूस बदल. तुला एका संध्याकाळचं काम आहे.

माझ्या ऑफिसात एक गोष्ट चालू आहे. ती नंतर कळवीन.

वाट बघणारी,
पायल


विश्रांतवाडी, पुणे
५ फेब्रुवारी २०१७

प्रिय दादा,

जय भीम.

पत्र मिळालं म्हणायचं तुला. फोन आला नाही, पण मेल आली. मला वाटलं काहीतरी लांबलचक असेल. आत एक फाइल आणि खाली एक ओळ: 'ही टाक, म्हणजे पडलेले सगळे परत उठतील, त्यांना सोपं जाईल.' वा! बापानं सोळा वर्षांनी तुझं दार वाजवलं, तर तू आतून बेलची बॅटरी काढून दिलीस.

तरी मी मूर्ख. पप्पांना सांगितलं. म्हटलं, पप्पा, दादानं खास तुमच्यासाठी पाठवलंय, आता कुणी मरणार नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे बाद मालावर पासचा शिक्का?" म्हणाले. "नको. त्यानं ज्या नियमानं केलंय त्याच नियमानं खेळणार." आणि वर, "त्याला सांग, माल चांगला केलाय. कुठं पोकळ नाही." घे. मिळालं तुला सर्टिफिकेट. पप्पांकडून 'कुठं पोकळ नाही' हे मी तरी माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल ऐकलेलं नाही. अगदी पोळ्यांबद्दलसुद्धा नाही.

बाकी खुशाली: महापालिकेच्या निवडणुकीचे भोंगे सकाळपासून सुरू आहेत. तुझ्या कपाटाचं दार पुन्हा सोलायला लागलंय. मम्मीनं त्या फुलीवर हिरवा रंग मारून घेतला होता, आठवतं? आता हिरव्याखालून लाल दिसतं. मी त्यावर कॅलेंडर लावलंय.

एक बातमी आहे. पायल गेली.

म्हणजे खेकडी. पाचव्या फोरमनपाशी. काय झालं ते सांगते, म्हणजे तुला तुझ्या खेळाची कल्पना येईल. फोरमनचा तो अजस्र बैल उरला होता, एका टकरीत कुणालाही आडवा करणारा. पप्पांचा दिपू मैदानात होता. त्याला मागे घ्यायचा तर त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उतरवावं लागणार आणि ती टक्कर त्याला बसणार. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. मी टेस्टर आहे, हा डाव मी शंभरदा खेळलेय. म्हटलं, "पप्पा, दिपूला राहू द्या, तो झेलेल, त्याच्यात ताकद आहे. नाहीतर दगड उतरवा." पप्पांनी ऐकून घेतलं, यादीत खाली गेले, दगड ओलांडला, वटवाघूळ ओलांडलं आणि खेकडीवर येऊन थांबले. दाबलं.

बैलानं एका टकरीत उडवली. लाल फुली आली.

मला हसायला यायला पाहिजे होतं. चार पिक्सेलची खेकडी ती. पण मी विचारलं, "पप्पा, पायललाच का?"

नजर यंत्रावरून न काढता म्हणाले, "ती घेते गं सांभाळून."

दादा, ही ओळ मी लहानपणापासून ऐकतेय. बाराव्या वर्षापासून. तू नागपूरला गेलास तेव्हा मम्मीचं रडणं कोण बघणार? पायल घेते सांभाळून. मम्मीच्या डायलिसिसच्या फेऱ्या? पायल. मम्मी गेल्यावर तू चार दिवस आलास, स्टेशनजवळच्या हॉटेलात राहिलास, पप्पांशी एक अक्षर बोलला नाहीस आणि विमानतळावर मला मिठी मारून म्हणालास, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." मला तेव्हा ते कौतुक वाटलं! पुढच्याच वर्षी कंपनी मला डब्लिनला पाठवत होती. मी नाही म्हटलं. तुला कळवलं होतं. तू अंगठा दाखवलास. तेव्हा वाटलं, दादा नाही तर नाही, पप्पांना तरी कळत असेल मी काय सोडलं ते. आता कळलं त्यांना काय वाटतं ते. कवच आहे तिला.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला नाही. खालून वडापाव आणले. पप्पांनी विचारलंसुद्धा नाही का म्हणून. "सहावा फोरमन पाण्यातला आहे, दिपूचा कंदील विझायचा," एवढंच म्हणाले. त्यांना रात्रंदिवस दिपूची काळजी. दिपूच्या अंगावर ओरखडा आला की दोन दिवस रानात हिंडून औषधी पानं गोळा करतात. मी मागच्या आठवड्यात तापानं फणफणले होते, तेव्हा कांताबाईंनी पेज आणून दिली.

रागावून लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

पण ऐक. सातवा फोरमन आता फार लांब नाही. ज्ञानदेव गेला, रंगनाथ गेला, नवीन पकडलेले एकेक जातायत. दिपूला वाचवण्यापायी सगळे जातायत. शेवटच्या खोलीत ते जवळजवळ एकट्या दिपूला घेऊन पोचणार आणि समोर स्वतःला बघणार. त्यांना पुन्हा झटका आला तर? मी तुझ्यापुढे हात जोडते. फाइल नको, फोन कर. नाहीतर ये. मार्चमध्ये ये, एक आठवडा. हॉटेलात राहा हवं तर.

ऑफिसातलं अजून लिहीत नाही. पक्कं झालेलं नाही. म्हणजे झालंय. पुढच्या पत्रात.

पायल


विश्रांतवाडी, पुणे
१२ मार्च २०१७

दादा,

यावेळी अंगठासुद्धा आला नाही, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू दे.

आज होळी. खाली पोरं बोंबलतायत आणि कांताबाईंनी पुरणपोळ्या दिल्यात. पप्पांनी दोन खाल्ल्या. बरे आहेत. ही खुशाली.

मंगळवारी संध्याकाळी पप्पा शेवटच्या खोलीत पोचले. मी मुद्दाम लवकर आले होते. शेजारी पाणी ठेवलं, जिभेखाली ठेवायची गोळी हाताशी ठेवली, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला. पप्पांच्या टोळीत, मम्मीची चिमणी सोडली तर, तिघेच उरले होते: एक बेडूक, संतोष नावाचा एक साप, आणि दिपू. दार उघडलं. तो उभा होता. खाकी पँट, स्वेटर, खडू. खाली अक्षरं उमटली, चुकला तो संपला.

मी पप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. आणि म्हणाले, "स्वेटरचा रंग चुकलाय. माझा चॉकलेटी होता."

मी म्हटलं, "पप्पा, तुम्हाला... "

"पहिल्या दिवशीच ओळखलं. ते वटवाघूळ पडलं नव्हतं का, त्याच्या आधीचं एक होतं बघ, उंदरासारखं. त्याच्यावर फुली आली. उजवीकडून खाली, मग डावीकडून खाली, नि दुसरी रेघ शेवटी जरा वर वळलेली. अख्ख्या कारखान्यात अशी फुली मीच मारायचो. पोरानं शेपटीसकट काढलीय." आणि हसले, दादा. अर्ध्याच तोंडानं हसतात आता. "म्हटलं, शेवटी मीच असणार. दुसरं कोण?"

म्हणजे दोन महिने मी रडकुंडीला येऊन तुला जी पत्रं लिहिली, ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्यासाठी गोळ्या हाताशी ठेवत होते आणि ते चष्मा पुसून तुझी शिक्षा भोगायला बसत होते, सकाळी चहा झाल्यावर, रोज, अगदी आवडीनं. मी विचारलं, "मग खेळलात कशाला?" तर म्हणाले, "त्यानं माझ्यासाठी एवढं एकच केलंय. न बघता कसं टाकू?"

मी गोळी परत डबीत ठेवली. तूही इथे वाचताना जरा थांब.

मग झुंज झाली. बेडूक गेला. साप गेला. जाताना त्यानं समोरच्याचे दोन नेले. शेवटी एका बाजूला पप्पांचा दिपू, त्याचाही कंदील मिणमिणता, आणि दुसऱ्या बाजूला त्या खडूवाल्याचा एकच उरलेला, तोही मरणाला टेकलेला. मी टेस्टर म्हणून सांगते: ज्याचा घाव आधी तो जिंकणार. कुणाचा आधी लागेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, तू ते नाणेफेकीवर ठेवलंयस. दाबलं की दोघांतला एक जाणार. खाली अक्षरं आली, 'दिपू काय करणार?'

दोन महिने दरवेळी ओरडून उत्तर देणारा माणूस बोलला नाही.

अंगठा बटणावर होता. त्या अंगठ्यात आता चांगली ताकद आहे. त्यांनी तो उचलला आणि यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "माझ्यानं होत नाही," म्हणाले. "हे त्याच्याकडे पाठव. त्यानं दाबावं. मी पडलो तर पडलो, तो पडला तरी त्याच्या हातानं पडू दे." आणि उठून, पाय ओढत, तुझ्या कपाटापाशी गेले. माझं कॅलेंडर काढलं. ओला रुमाल घेऊन त्या फुलीवर घासत बसले, उजव्या हातानं. सोळा वर्षांची फुली आहे आणि तिच्यावर ऑइलपेंट. निघतेय कसली? हिरवा रंग तेवढा निघाला. आता फुली पूर्वीपेक्षा जास्त दिसते.

मला त्यांच्याकडे तसं बघवेना म्हणून म्हण, किंवा तीच वेळ बरी वाटली म्हणून म्हण, मी तेव्हाच सांगून टाकलं. जे तुला दोन पत्रांत लिहिलं नाही ते. लिहिलं नाही कारण मला बघायचं होतं की मी गरजू दिसले नाही तर तू नुसता बापासाठी येतोस का. कंपनीनं पुन्हा डब्लिन देऊ केलंय. दोन वर्षं. मी जानेवारीतच हो म्हटलंय. दोन एप्रिलला जातेय.

मी म्हटलं, "पप्पा, मी जाणार आहे. परदेशी. दोन वर्षं."

रुमाल थांबला. माझ्याकडे वळले. दादा, मी काय काय धरून बसले होते तुला सांगते. वाटलं रागावतील. फुली मारतील. नाहीतर एकदाच, आयुष्यात एकदाच म्हणतील की जा पोरी, फार केलंस. ती खेकडी मी उगीच उतरवली म्हणतील. काहीही चाललं असतं मला.

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. झटका आल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. आणि म्हणाले, "म्हणजे मग दिपूला यावंच लागेल की!"

मी जातेय हे त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच. मी गेले तर जागा रिकामी होते, आणि जागा रिकामी झाली तर तू येशील. पुन्हा मलाच पुढे केलं, दादा. बैलापुढे. या वेळी तर मी स्वतःच्या पायानं गेले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. मग नळ बंद केला, कारण आमच्याकडे पाणी एकवेळ येतं. आणि भाकरी टाकल्या. त्यांना पातळ लागते, तशीच केली. हात ऐकत नाहीत ना.

तर व्यवस्था अशी आहे. दिवसा सुंदराबाई नावाच्या बाई येतील. त्यांनी आधी दोन म्हाताऱ्यांचं केलंय, हाताला चांगल्या आहेत. रात्री कांताबाईंचा पुतण्या शंभू आपल्याकडे झोपेल. हे सगळं मे महिन्याच्या अखेरपर्यंत. त्यानंतर सुंदराबाई त्यांच्या गावी लोणी काळभोरला जाणार, मुलीचं बाळंतपण आहे, आणि शंभूचं कॉलेज संपतं. जूनपासून पप्पांजवळ कुणी नाही. मी कुणालाही नेमलेलं नाही आणि नेमणार नाही. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरलेत. डॉक्टरांना तुझा नंबर दिलाय. त्यांना मेल करू नकोस, ते फोन उचलतात.

तुला काळजी वाटेल. वाटू दे. ती काळजी इतकी वर्षं माझ्याकडे होती, आता तुझ्याकडे आली, एवढंच.

हे पत्र आणि यंत्र माझ्या ऑफिसातल्या प्रियदर्शनीबरोबर पाठवतेय. ती कामासाठी व्हँकुव्हरला येतेय. तुझ्या घरी येऊन तुझ्याच हातात देईल. तिला चहा पाज, आणि तू यंत्र चालू करेपर्यंत ती बसून राहणार आहे. तसं तिला बजावलंय.

पप्पांनी डाव होता तिथे थांबवून ठेवलाय. चालू केलंस की समोर पप्पा असतील, चुकीच्या रंगाच्या स्वेटरमध्ये. अलीकडे कंदील घेऊन तू. मी त्यात कुठे नाही, मला शोधू नकोस, मी पाचव्या गावात गेले. खाली एक ओळ दिसेल. तुझीच आहे, तूच लिहिलीस, हजारदा वाचली असशील.

दिपू काय करणार?

इथे बसून उत्तर ओरडायला मी नसेन.

आता सांभाळून न घेणारी,
पायल